घरच्या बिअरसाठी टेंपरेचर कंट्रोलर: कसा बनतो, कसा चालतो आणि कुठे फसतो

टेंपरेचर कंट्रोलरचं काम एका वाक्यात सांगता येतं: गरम झालं की थंड कर, थंड झालं की गरम कर. कोड लिहायला बसलात तर दहा-बारा ओळींत संपतो. मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हा प्रकार एका शनिवारी दुपारी उरकेल असं मला वाटलं होतं. उरकलाही. आणि दोन महिन्यांनी त्याच दहा ओळींनी माझी २० लिटर बिअर मोरीत ओतायला लावली. ते कसं झालं हे खाली सविस्तर लिहिलंय, कारण या लेखातला सगळ्यात उपयोगाचा भाग तोच आहे.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. जर्मनीत स्वतःच्या घरासाठी बिअर बनवायला परवानगी आहे. २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत त्यावर कर लागत नाही, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात तसं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती पाच लिटर का असेना. म्हणून तिकडे बसून हा लेख वाचत असाल तर सर्किट घ्या, बिअर सोडा. हेच सर्किट इडलीच्या पिठाला आणि दह्यालाही चालतं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

तापमानाचा एवढा बाऊ कशासाठी?

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ती गरम पाण्यात मुरवून, गाळून, हॉप्सबरोबर उकळली की जे गोड पाणी मिळतं त्याला वर्ट म्हणतात. वर्ट थंड करून त्यात यीस्ट घातलं की माणसाचं काम संपतं. पुढचे आठ-दहा दिवस सगळं यीस्ट करतं, आणि यीस्टचा मूड तापमानावर चालतो.

बव्हेरियातली गव्हाची बिअर घ्या. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. दोन्ही वास यीस्टच तयार करतं. आंबवताना तापमान जरा जास्त ठेवलं तर केळं पुढे येतं, कमी ठेवलं तर लवंग जाणवते. म्हणजे सामान तेच, कृती तीच, तीन-चार अंशांच्या फरकाने चव वेगळी. फारच गरम झालं तर यीस्ट जड अल्कोहोलं तयार करायला लागतं. ती घशाला जळजळतात, आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वासही येऊ शकतो. उलट फार थंड झालं तर यीस्ट झोपतं आणि बिअर अर्धवट गोड राहते. सर्वसाधारणपणे एल प्रकारच्या यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं, लागरच्या यीस्टला ९ ते १३.

यात एक गोम आहे. आंबताना वर्ट स्वतःच तापतं. २० लिटर वर्टमधली साधारण दीड किलो साखर यीस्ट खातं आणि त्यातून सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन दिवसांत वाटली तर सरासरी साडेतीन वॅट, म्हणजे एखाद्या बारक्या एलईडी बल्बएवढी. ऐकायला काहीच नाही. पण ही सगळी उष्णता बादलीतच अडकली तर तेच २० लिटर पाणी १० अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेर जाते, तरी जोर असताना बादलीतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंश जास्त सहज असतं. भिंतीवरचं थर्मामीटर २० दाखवतंय म्हणून तुम्ही निवांत असता, आणि यीस्ट २४ वर घाम गाळत असतं.

हे दुखणं जुनं आहे. बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदीच होती. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात ती बनवायची. उन्हाळ्यात बनवलेली बिअर बिघडते एवढं लोकांना अनुभवाने माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. ही बंदी १८५० मध्ये उठली. थंडीत बनवलेली बिअर उन्हाळाभर टिकावी म्हणून खोल तळघरं खणायचे आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायचे. म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये आज आपण ज्या झाडांखाली बसतो ती तिथे सहज म्हणून उगवलेली नाहीत. मग १८७० च्या दशकात इथल्या तंत्रशिक्षण संस्थेतले प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी श्पाटन ब्रुअरीत थंडी तयार करणारं यंत्र चालवून दाखवलं. आपल्या घरच्या फ्रिजच्या खानदानाचा बराचसा भाग त्या यंत्राकडे जातो. (डिझेल इंजिनवाला रुडॉल्फ डिझेल हा लिंडेंचाच विद्यार्थी. हे इथे सांगायची गरज नव्हती, पण राहवलं नाही.)

सामान

एक जुना फ्रिज, शक्यतो आतमध्ये गोल बटण फिरवायचा साधा प्रकार. नवीन फ्रिजमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि काहींमध्ये वीज जाऊन आली की पुन्हा बटण दाबावं लागतं. तसला फ्रिज आपल्या कामाचा नाही. आपण फ्रिजचा प्लगच चालू-बंद करणार आहोत. फ्रिजचं स्वतःचं बटण सर्वांत थंड आकड्यावर ठेवायचं, म्हणजे वीज मिळाली की कॉम्प्रेसर सुरू होणारच.

मेंदू म्हणून ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ चा बोर्ड. वायफाय त्यातच असतं, म्हणून आकडे फोनवर बघता येतात. तापमान मोजायला डीएस१८बी२० सेन्सर, तोही स्टीलच्या नळीत बसवलेला. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, ती आपल्याला पुरते. डेटाची वायर आणि व्होल्टेज यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. तो विसरलात तर सेन्सर सापडतच नाही आणि तुम्ही तासभर कोडमध्ये चूक शोधत बसता. बाजारात या सेन्सरच्या नकला भरपूर आहेत. म्हणून वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. शून्याच्या आसपास आकडा आला तर ठीक, नेहमी ०.४ जास्त दाखवत असेल तर कोडमध्ये तेवढं वजा करा.

हीटर म्हणून बादलीभोवती गुंडाळायचा पट्टा मिळतो. मी २५ वॅटचा घेतला होता. इथे तळघर फेब्रुवारीत १२ अंशांवर असतं, त्यामुळे हीटरशिवाय भागत नाही.

राहिला प्लग चालू-बंद करणारा भाग. पहिल्यांदा मी स्वस्तातलं रिले मॉड्यूल वापरलं आणि २३० व्होल्टच्या वायरी स्वतः जोडल्या. तुम्ही हे करू नका. इंजिनिअरिंगची डिग्री असली तरी करू नका, कारण डिग्रीत हे कोणी शिकवत नाही. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतो. त्या ठिणगीने रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटू शकतात, आणि चिकटले की कोड कितीही ओरडला तरी प्लग बंद होत नाही. आता मी तयार स्मार्ट प्लग वापरतो, इंटरनेट नसलं तरी घरच्या वायफायवर आदेश घेणारे. एक फ्रिजला, एक हीटरला.

दहा ओळींचा कोड आणि त्यातल्या खाचाखोचा

समजा आपल्याला १९ अंश हवेत. १९ च्या वर गेलं की फ्रिज चालू, खाली आलं की बंद, असं लिहिलं तर फ्रिज दर मिनिटाला चालू-बंद होत राहील. म्हणून मध्ये थोडी मोकळी जागा सोडतात. १९.५ ला चालू, १९ ला बंद. याला हिस्टेरिसिस म्हणतात. नाव भारी आहे, पण ही गोष्ट तुम्ही रोज ऐकता: इस्त्री तापली की टक् करून दिवा विझतो, बरीच निवली की पुन्हा टक्.

दुसरी खाच कॉम्प्रेसरची. बंद झाल्या झाल्या लगेच चालू केला तर आतला दाब अजून उतरलेला नसतो. मोटर त्या दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. आपल्याकडे फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लाइट आल्यावर काही मिनिटं 'डिले'चा दिवा लागतो ना, तो याचसाठी. कोडमध्ये नियम एवढाच: एकदा बंद केल्यावर पाच मिनिटं चालू करायचा नाही. एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. बोर्ड रीस्टार्ट झाला तर कॉम्प्रेसर कधी बंद झाला होता हे त्याला आठवत नाही. म्हणून सुरुवात झाल्यावरही पाच मिनिटं गप्प बसायचं.

तिसरी खाच मला फोनवरच्या आलेखात दिसली. फ्रिज १९ ला बंद व्हायचा, पण आतली थंड प्लेट पुढे बराच वेळ थंडावा सोडत राहायची आणि तापमान १८.४ ला जायचं. हीटरची मर्यादा १८.५ होती. मग हीटर सुरू. तो १९ ला बंद व्हायचा, त्याची उरलेली ऊब तापमान १९.५ ला न्यायची, की परत फ्रिज. रात्रभर दोघांची कुस्ती आणि वीज माझी. उपाय सोपा निघाला: हीटरची मर्यादा १८.२ वर आणली, आणि फ्रिज बंद झाल्यावर अर्धा तास हीटर लावायचा नाही असं लिहिलं. काही लोक इथे पीआयडी नावाचं गणित वापरतात. ब्रूपाय नावाचा मुक्त प्रकल्प तर बिअरचं आणि फ्रिजच्या हवेचं अशी दोन्ही तापमानं मोजून तापमान किती पुढे घसरेल याचा अंदाज बांधतो. मला ते आवडतं, पण २० लिटर पाणी एवढं सुस्त असतं की साध्या नियमांवरही माझं काम अर्ध्या अंशाच्या आत राहतं.

सेन्सर कुठे लावायचा?

यावर लोक तासन् तास भांडतात. हवेत लटकवला तर दार उघडल्या उघडल्या आकडा उडतो, फ्रिज उगाच पळतो, आणि मुख्य म्हणजे बिअर हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम असल्याचं कळतच नाही. थेट बिअरमध्ये बुडवला तर आकडा खरा मिळतो, पण स्वच्छतेची डोकेदुखी वाढते आणि स्वस्त नळ्या कालांतराने पाणी पितात. मी बादलीच्या बाहेरच्या बाजूला, द्रवाच्या अर्ध्या उंचीवर, टेपने चिकटवतो आणि वरून फोमचा जाड तुकडा दाबून बांधतो. फोममुळे सेन्सरला फ्रिजची हवा लागत नाही, बादलीचीच ऊब लागते. आतल्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं तेव्हा फरक अर्ध्या अंशाच्या आतच होता. फक्त हीटरचा पट्टा सेन्सरपासून दूर ठेवा, नाहीतर तो स्वतःचीच ऊब मोजत बसेल.

ती वीस लिटर

फेब्रुवारीतला शुक्रवार. मित्राची मास्टर्स संपणार होती आणि त्याच्या पार्टीला माझी गव्हाची बिअर, असं मी महिनाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. यीस्ट घालून दोन दिवस झाले होते, फोनवर १९.१ दिसत होतं. २४ च्या वर गेलं तर फोनवर अलर्ट येईल अशी सोय केली होती. मी बर्लिनला गेलो. दोन दिवसांत एकही अलर्ट आला नाही, म्हणून अ‍ॅप उघडूनही बघितलं नाही.

रविवारी दुपारी तळघराचं दार उघडलं तर वास आला. स्वयंपाकघरातलं थर्मामीटर आणून बादलीत घातलं: ३१ अंश. फोनवर मात्र तापमान होतं उणे १२७.

झालं असं. डीएस१८बी२० साठी बहुतेक जण जी लायब्ररी वापरतात ती सेन्सर सापडला नाही तर उणे १२७ हा आकडा परत देते. हा 'सेन्सर गायब' असा निरोप आहे, तापमान नव्हे. कागदपत्रात तसं लिहिलेलंही आहे. माझी एक वायर ब्रेडबोर्डात नुसती खोचलेली होती, आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने ती शुक्रवारी रात्री सैल झाली. कोडने पाहिलं, उणे १२७ हे १८.२ पेक्षा कमी आहे, म्हणजे फारच थंडी पडलीय, लावा हीटर. दर काही सेकंदांनी तो तेच बघत होता आणि तेच ठरवत होता, जवळजवळ चाळीस तास. अलर्ट का आला नाही? कारण मी फक्त जास्त तापमानाचा लावला होता. उणे १२७ हे २४ पेक्षा जास्त नाही.

कोडमध्ये तशी एकही ओळ चुकलेली नव्हती, याचाच मला जास्त राग आला. ऑफिसात एखाद्या सर्व्हिसकडून उत्तर आलं नाही तर काय करायचं यावर मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये कमेंट टाकत असतो. घरी एका वायरवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

पार्टीला दुकानातून क्रेट आणले. कोणी काही बोललं नाही, तेही लागलं.

दुसरी आवृत्ती

पहिला बदल: आकडा आला की आधी तो शक्य आहे का ते बघायचं. ० च्या खाली किंवा ४० च्या वर असेल तर फेकून द्यायचा. यात उणे १२७ जातो आणि ८५ सुद्धा जातो. वीज मिळाल्यावर मोजमाप व्हायच्या आधी वाचलं तर हा सेन्सर ८५ सांगतो, तो त्याचा सुरुवातीचा ठरलेला आकडा आहे. तसंच एका मिनिटात दोन अंशांची उडी दिसली तर तीही खोटी, कारण २० लिटर पाणी एवढ्या वेगाने हलत नाही. तीन मिनिटं एकही खरा आकडा आला नाही तर फ्रिज आणि हीटर दोन्ही बंद.

दुसरा बदल: प्लग आता 'चालू' हा आदेश कायमचा मानत नाहीत. त्यांच्यात दहा मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं सेटिंग आहे, आणि बोर्ड दर मिनिटाला 'अजून चालू ठेव' असा निरोप पाठवतो. बोर्ड हँग झाला, वायफाय गेलं, मी चुकीचा कोड चढवला, काहीही झालं तरी दहा मिनिटांत सगळं थंडावतं. प्लग घेताना हे सेटिंग आहे का आणि नव्या निरोपावर त्याचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं का, हे बल्ब लावून तपासून घ्या.

तिसरा बदल हीटरचा. २५ वॅटचा पट्टा काढून १५ वॅटची चटई आणली, सरडे-कासवं पाळणाऱ्यांसाठी मिळते ती. मग नुसतं पाणी भरून बादली फ्रिजमध्ये ठेवली आणि मुद्दाम दोन दिवस हीटर सतत चालू सोडला. तळघर १२ वर, पाणी २४ च्या जवळ येऊन थांबलं. म्हणजे यापुढे सगळं बिघडलं तरी बिअर बेचव होईल, वाया जाणार नाही. उन्हाळ्यात तळघर २० च्या आसपास असतं, तेव्हा हीटरचा प्लगच काढून ठेवतो.

अलर्टही उलटा केला. आता फोन तेव्हा वाजतो जेव्हा पंधरा मिनिटं बोर्डाकडून चांगला आकडा येत नाही. हा अलर्ट बोर्ड पाठवत नाही, घरातला दुसरा एक छोटा कॉम्प्युटर पाठवतो. मेलेला बोर्ड 'मी मेलो' असं कळवू शकत नाही.

एवढा व्याप नको असेल तर इंकबर्ड आयटीसी-३०८ सारखा तयार कंट्रोलर मिळतो. दोन सॉकेट, एक सेन्सर, कॉम्प्रेसर डिले आणि दोन्ही बाजूंचे अलार्म, सगळं त्यात असतं. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी तोच घ्यायला सांगतो. स्वतः बनवायचं कारण पैसे वाचवणं हे नाही, मी सगळं धरून त्याहून जास्तच घालवले आहेत.

इडलीचं पीठ

डिसेंबरात पुण्याला घरी गेलो तेव्हा आईच्या पिठासाठी हेच लावून दिलं. थंडीत रात्रभर ठेवूनही पीठ फुगत नाही ही तिची दरवर्षीची तक्रार. इथे थंड करायचंच नाही, त्यामुळे फ्रिजची गरज नाही. थर्माकोलचं खोकं, तीच १५ वॅटची चटई, एक प्लग, लक्ष्य ३० अंश. सेन्सर पिठाच्या डब्याला बाहेरून चिकटवला. डबा अर्धाच भरा, मी पाऊण भरला होता आणि सकाळी खोक्याच्या तळाशी पीठ होतं. दह्यासाठी लक्ष्य ४२ ठेवायचं आणि कोडमधली वरची ४० ची मर्यादा वाढवायला विसरायचं नाही.

मी जोडत असताना आईने एकच प्रश्न विचारला होता, "आणि लाइट गेले तर?"

गेले तर चटई बंद, पीठ हळूहळू गार, बाकी काही नाही. लाइट आल्यावर प्लग बंदच राहतो आणि बोर्डाला खरा आकडा मिळाला की मगच चालू होतो. हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि खोक्यावर जुनी शाल टाकली.